पणजोबांचा पासपोर्ट

माझ्या खाला गेल्या तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या उशाशी होतो. ज्यांची त्या वाट बघत होत्या, ते दोघे मात्र नव्हते.

शेवटचे अडीच महिने त्या अंथरुणाला खिळून होत्या. शाळा सुटली की मी सदर बाजारातल्या त्यांच्या घरी जायचो. औषधांचं, डॉक्टरांचं, बिलांचं बोलून झालं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "बच्चे कब आरें रे?" बच्चे म्हणजे इंग्लंडमधली त्यांची नातवंडं, एकोणीस वर्षांची मुलगी आणि सोळा वर्षांचा मुलगा. मी म्हणायचो, "व्हिसा होरा खाला, अगले हफ्ते इन्शाअल्लाह." असे नऊ हफ्ते गेले. दहाव्या आठवड्यात खाला गेल्या. नातवाने द्यायचा खांदा शेजारच्या पोराने दिला.

मुलांची आई, म्हणजे माझी मावसबहीण, आमची आपा, वेळेवर पोचली होती. तिच्याकडे ओसीआय कार्ड आहे. 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' असं त्या कार्डाचं भारदस्त नाव. पासपोर्ट ब्रिटिश असला तरी हे कार्ड दाखवलं की व्हिसा लागत नाही, आयुष्यभर कधीही या, कितीही दिवस राहा. मुलांकडे ते कार्ड नाही. तो अर्ज करायचा आळस नव्हता, पैशांची अडचण नव्हती. कायद्याने त्यांना ते मिळतच नाही. आणि साधा व्हिसा मागावा तर फॉर्ममध्ये एक रकाना येतो, आई-वडील किंवा आजी-आजोबा यांच्यापैकी कुणी पाकिस्तानचे होते का? तिथे 'हो' लिहिलं की कागद वेगळ्या गठ्ठ्यात जातो. चार दिवसांत मिळणारा ई-व्हिसा अशा माणसासाठी नाहीच. आपाने तिथल्या कार्यालयात आईच्या आजाराचे कागद नेऊन दाखवले. 'चौकशी चालू आहे' एवढंच उत्तर मिळालं.

आता ही मुलं 'पाकिस्तानी' कशी झाली, ते ऐका.

आपा कोल्हापूरची. इथल्याच नगरपालिकेच्या शाळेत शिकली. तिचा नवरा इंग्लंडमध्येच १९७० साली जन्मला. त्याने पाकिस्तान कधी पाहिलेलं नाही, त्या देशाचा पासपोर्ट कधी घेतलेला नाही. त्याचे वडील १९४० मध्ये कराचीत जन्मले आणि १९६२ मध्ये इंग्लंडला गेले. आणि वडिलांचे वडील, म्हणजे या मुलांचे पणजोबा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावचे खलाशी. १९३५ मध्ये पोटासाठी कराची बंदरात गेले. घरात कोकणी बोलायचे. कराचीत आजही 'कोकण सोसायटी' नावाची वसाहत आहे, ती अशाच लोकांची.

१९३५ हे साल लक्षात ठेवा. सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा झाला १ एप्रिल १९३६ रोजी. म्हणजे हे गृहस्थ गेले तेव्हा रत्नागिरी आणि कराची एकाच इलाख्यात होते, दोन्हींचा गव्हर्नर मुंबईत बसायचा. त्या काळात ते कराचीऐवजी आंबा घाट चढून कोल्हापुरात आले असते, तर मात्र इलाखा ओलांडून संस्थानच्या हद्दीत आले असते! आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी जिल्हा बदलला होता, देश बदलला नव्हता. देश त्यांच्या पायाखालून नंतर बदलला. त्यांची बायको-मुलं, घर, नोकरी सगळं कराचीत होतं. ते तिथे राहिले, पुढे त्यांच्या हाती पाकिस्तानचा पासपोर्ट आला, मुलाच्याही हाती आला. तेवढ्यावर नव्वद वर्षांनंतर त्यांची पणती कोल्हापुरात आजीच्या उशाशी बसू शकली नाही.

मुलांचं आईकडचं घर कोल्हापुरात, बापाकडचं मूळ घर रत्नागिरीत. दोन घरांत सव्वाशे-दीडशे किलोमीटरचं अंतर. दोन्ही बाजूंनी महाराष्ट्राची मुलं. तरी हिंदुस्थानच्या दारात ती पाकिस्तानी!

कायदा काय म्हणतो ते बघू. ओसीआयची योजना २००५ च्या डिसेंबरात सुरू झाली. नागरिकत्व कायद्याचं कलम ७अ २०१५ च्या दुरुस्तीत नव्याने लिहिलं गेलं. त्यात पात्रता उदार आहे. तुम्ही स्वतः, तुमचे आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा भारताचे असतील तर तुम्ही अर्ज करू शकता. छान. पण लगेच खाली परंतुक आहे. जी व्यक्ती स्वतः, किंवा जिचे आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांच्यापैकी कुणीही कधीही पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक होते, ती व्यक्ती अपात्र. माणसाला पणजी-पणजोबा मिळून आठ असतात, आजी-आजोबा चार, आई-वडील दोन. या चौदा जणांपैकी तेरा जण अस्सल भारतीय असले आणि एकाने काही वर्षं पाकिस्तानचा पासपोर्ट बाळगला, तर तेरांची पुण्याई वाया जाते. आपाच्या मुलांची आई जन्माने भारतीय नागरिक होती. त्याला या हिशोबात काही किंमत नाही.

मी भाषेचा मास्तर आहे म्हणून एक गोष्ट मनात येते. मराठीत पणजोबांच्या वर खापरपणजोबा आहेत, त्यांच्यावर रोजच्या बोलण्यात शब्दच संपतात. उर्दूतही परदादा, सगडदादा, मग बोलती बंद. पण आपल्या सरकारने या शब्दांच्याही वर चढून दाखवलं आहे. २०२३ मध्ये राष्ट्रपती सुरीनामला गेल्या तेव्हा तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी ओसीआयची मर्यादा चौथ्या पिढीवरून सहाव्यावर नेली. २०२४ मध्ये मॉरिशससाठी सातव्या पिढीपर्यंत. २०२५ मध्ये त्रिनिदादसाठी सहाव्या. मला याचा आनंदच आहे. मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत, गणपती बसवतात, त्यांच्या सातव्या पिढीला इथे यावंसं वाटलं तर दार उघडं असलं पाहिजे. पण मग जवळीक रक्तातून इतकी खोल झिरपते असं सरकार मानतं, तर आपाच्या मुलांच्या अंगात आईचं आणि पणजोबांचं जे रक्त आहे, ते कुठे गेलं? उसाच्या मळ्यात मजूर म्हणून गेलेला बिहारी सातव्या पिढीपर्यंत आपला. बंदरावर खलाशी म्हणून गेलेला रत्नागिरीकर मात्र तिसऱ्या पिढीतच परका.

यावर उत्तर तयार असतं, सुरक्षा. ते उत्तर मी हसण्यावारी नेणार नाही. २६/११ च्या आधी मुंबईची रेकी करून गेलेला डेव्हिड हेडली पाकिस्तानी बापाचा, अमेरिकन पासपोर्टवर आलेला होता. ती आठवण खोटी नाही आणि ज्यांनी त्या रात्री माणसं गमावली त्यांच्यासमोर मी वाद घालणार नाही. पण हेडली आला कसा? ओसीआय कार्डावर नव्हे. नाव बदलून, साध्या व्हिसावर, फॉर्म भरून. ज्याला कट करायचा असतो तो पणजोबांचं नाव फॉर्मवर खरं लिहीत नाही. खरं लिहिते ती आपाची मुलगी, आणि अडकते तीच.

शिवाय सरकारच्या हातात दुसरी हत्यारं नाहीत असंही नाही. भारतीय माणसाशी लग्न केलेल्या परदेशी नवऱ्या-बायकोला ओसीआय देताना लग्नाला दोन वर्षं पूर्ण लागतात आणि आधी सुरक्षा तपासणी होते. ही तपासणी त्या माणसाची होते. कार्ड दिल्यावरही कलम ७ड आहेच, खोटी माहिती, देशविरोधी वर्तन, गंभीर गुन्ह्यातली शिक्षा, कशावरूनही कार्ड रद्द करता येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये तर गृह खात्याने आणखी कडक केलं, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात नुसतं आरोपपत्र दाखल झालं तरी कार्ड जाऊ शकतं. एवढा सगळा बंदोबस्त असताना पणजोबांचा पासपोर्ट कशाला हवा? तपासा ना त्या सोळा वर्षांच्या पोराला. त्याचा फोन तपासा, शाळा तपासा, मशीद तपासा. त्यालाही माझी हरकत नाही. पण तपासून नाही म्हणा. न तपासता, वंशावळ बघून नाही म्हणू नका.

आमच्यातले काही जण हे वाचून म्हणतील, मास्तर, हे मुसलमानांसाठीच केलंय, त्यात नवल काय? जरा थांबा. परंतुकात धर्माचा शब्द नाही. कराचीतला हिंदू, तिथलाच नागरिक, पुढे ब्रिटिश झाला, तर तो आणि त्याची मुलंसुद्धा ओसीआयसाठी अपात्र. तोच हिंदू ३१ डिसेंबर २०१४ च्या आधी आश्रयासाठी भारतात आला असता तर २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने त्याला पुरतं नागरिकत्व मागता आलं असतं. म्हणजे ज्याला मतदानाचा हक्क द्यायला सरकार तयार आहे, त्याच्याच लंडनच्या भावाला आजीव व्हिसा द्यायला तयार नाही! ही विसंगती मांडायला मुसलमान असायची गरज नाही. पण आम्ही हा प्रश्न फक्त आमचा म्हणून कुरवाळत बसलो आणि ते त्यांचा नाही म्हणून गप्प बसले.

एक शब्द मात्र आमच्या घरातला आहे, तोही सांगून टाकतो. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेत ओसीआयधारकांना कोणत्या कामांसाठी आधी खास परवानगी लागेल याची यादी आहे. संशोधन आहे, आणि एकाच ओळीत मिशनरी काम, तबलीग, गिर्यारोहण आणि पत्रकारिता. तबलीगवाल्याला आणि एव्हरेस्टवाल्याला एका दोरीला बांधणारी ही पहिलीच जमात असावी. हसू येतं, पण पत्रकारिता आणि संशोधन त्या ओळीत का आहेत हा विचार केला की हसू मावळतं. नावात 'सिटिझन' आणि काम करायला परवानगी. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. त्याच अधिसूचनेने ओसीआय मुलांना नीट, जेईईच्या प्रवेशात अनिवासी भारतीयांच्या जागांपुरतं ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ज्यांनी अधिसूचनेच्या आधी कार्ड घेतलं होतं त्यांना यातून सोडवलं, नंतरच्यांना नाही. तेव्हा ज्यांना कार्ड मिळतं त्यांचंही सगळं आलबेल आहे अशा भ्रमात राहू नये. तो आजीव व्हिसा आहे, नाव मोठं आहे इतकंच.

"गेले कशाला देश सोडून? आता रडतात कशाला?" हा प्रश्न मला शिक्षकांच्या खोलीतच विचारला गेला. विचारणाऱ्या सरांचा स्वतःचा मुलगा पुण्यात अमेरिकेच्या व्हिसाच्या तयारीत आहे, ते सोडा. २०२२ मध्ये सव्वादोन लाखांहून जास्त भारतीयांनी आपलं नागरिकत्व सोडलं, २०२३ मध्ये दोन लाख सोळा हजारांहून जास्त लोकांनी. आपला कायदा दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही, दुसरं घेतलं की पहिलं आपोआप जातं. ज्यांना दोन्ही ठेवायची होती त्यांना सरकारनेच हे कार्ड दिलं, पन्नास लाखांहून जास्त लोकांनी घेतलं. म्हणजे माणूस गेला तरी नातं ठेवावं हे सरकारचं स्वतःचं धोरण आहे. आणि कार्ड मागणारी ती मुलं तर कुठे गेलीच नव्हती. ती तिथेच जन्मली. त्यांना आजीला भेटायचं होतं.

आमच्या समाजाची गप्प बसण्याची कारणं वेगळी आहेत. आपल्याकडचा मुसलमान परदेशी गेला तो बहुतेक आखातात. तिथे तीस वर्षं राबलं तरी नागरिकत्व मिळत नाही, म्हातारपणी भारतीय पासपोर्ट घेऊन माणूस गावी परततो. त्यामुळे ओसीआय ही विलायतवाल्या बड्या लोकांची भानगड असा समज आहे. दुसरं कारण म्हणजे भीती. कराचीत नातेवाईक आहेत हे चारचौघांत बोलायचं नाही, हे आम्ही लहानपणापासून शिकलो. आणि तिसरं कारण लाजिरवाणं आहे. एजंट सांगतात, "लिहू नका ना आजोबा कराचीचे, कोण बघतंय?" आणि लोक ऐकतात. आतिश तासीर यांचं प्रकरण आठवा. आई भारतीय पत्रकार, वाढले दिल्लीत, पण वडील सलमान तासीर पाकिस्तानचे. ती गोष्ट लपवली असं म्हणत सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांचं कार्ड काढून घेतलं. त्यांनी लपवलं नव्हतं, त्यांच्या पुस्तकांतून वडिलांविषयी त्यांनी आधीच लिहिलं होतं. नावाजलेल्या लेखकाचं हे झालं, तर खोटं लिहून आपण किती दिवस लपणार? खोटं लिहू नका. एजंटाचं काही जात नाही, कार्ड तुमचं जातं, आणि वर 'यांचे लोक असेच' हे ऐकावं लागतं ते सगळ्यांना.

उलट एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे अज्ञानामुळे पुष्कळ नुकसान होतं. कायद्यात शब्द 'नागरिक' आहे, 'जन्मलेला' नव्हे. पाकिस्तानचा नागरिकत्व कायदा झाला १३ एप्रिल १९५१ रोजी. ज्यांचे आजोबा कराचीत किंवा लाहोरात जन्मले, पण फाळणीच्या सुमारास इकडे आले आणि इथले नागरिक झाले, ते पाकिस्तानचे नागरिक कधी नव्हतेच. त्यांच्या नातवंडांनी 'जन्मस्थळ कराची' बघून घाबरून जायचं कारण नाही. पण हे सिद्ध करायला कागद लागतो. आणि कागदाचं काय होतं ते मला विचारा. आपाच्या अर्जाच्या वेळी तिच्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला काढायला मीच गेलो होतो. जनरल रजिस्टरात नाव 'महमद', दाखल्यावर 'महंमद', रेशन कार्डावर 'मोहम्मद', पासपोर्टवर इंग्रजीत नुसतं 'एमडी'. एकाच माणसाची चार नावं, आणि चौघांनी मिळून सिद्ध करायचं की आम्ही एकच. आडनावाच्या जागी कधी वडिलांचं नाव, कधी धंदा, कधी गाव. प्रतिज्ञापत्रावर प्रतिज्ञापत्र. हे आमच्याच पिढीच्या मास्तरांनी, कारकुनांनी करून ठेवलंय, आणि मी रजिस्टर लिहायला बसतो तेव्हा हात दोनदा थांबतो.

हे सगळं कोल्हापुरात बसून लिहिताना एक जागा डोळ्यांसमोरून हलत नाही. शहरापासून हाकेच्या अंतरावर वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ तिथल्या छावणीत राहिले. कोल्हापूर संस्थानने त्यांना जागा दिली. त्यांच्या पणजोबांचा पासपोर्ट कुणी मागितला नाही, मागितला असता तर त्या काळच्या रशियाचा, जर्मनीचा, ऑस्ट्रियाचा निघाला असता, कारण पणजोबांच्या काळात पोलंड नकाशावरच नव्हता. ते गेल्यावर त्याच छावणीत सिंधमधून आलेले निर्वासित राहिले, तेच आजचं गांधीनगर. ईदचे कपडे आम्ही तिथूनच घेतो. सप्टेंबर २०१९ मध्ये त्या पोलिश मुलांपैकी काही जण म्हातारपणी कोल्हापुरात आले, स्मृतिस्तंभ उभा राहिला, शहराने त्यांना डोक्यावर घेतलं. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथे जाऊन पुष्पचक्र वाहिलं. मला अभिमान वाटला. वर्गात मुलांना सांगितलं. त्याच शहराच्या लेकीच्या मुलांना आम्ही रकाना भरायला लावून नऊ आठवडे ताटकळत ठेवतो.

मागणी फार मोठी नाही. परंतुकातले 'आई-वडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा' हे शब्द काढा, स्वतः पाकिस्तान-बांगलादेशचा नागरिक असलेल्यापुरती मनाई ठेवा. तेवढं धाडस नसेल तर निदान ज्याची आई किंवा बाप जन्माने भारतीय नागरिक होता, त्याला परदेशी नवऱ्या-बायकोप्रमाणे आधी तपासणी करून कार्ड द्या. आणि तेही होईपर्यंत, आजी-आजोबा मरणपंथाला लागले असतील तर अशा नातवंडांच्या व्हिसाला ठरावीक मुदत घाला, दहा दिवस म्हणा, पंधरा म्हणा, पण त्या मुदतीत हो किंवा नाही लेखी सांगा. नऊ आठवडे 'चौकशी चालू आहे' ऐकण्यापेक्षा नाही बरं. खालांना मी रोज खोटं बोललो नसतो.

खासदारांसाठी पत्र तयार केलं आहे. त्यावर सध्या पाच घरांच्या सह्या आहेत, तीन कोल्हापूरच्या, एक मिरजेची, एक रत्नागिरीची. रत्नागिरीचं घर आपाच्या सासरच्या भावकीतलं आहे. त्यांना आपल्या या नातवंडांचा पत्ता माझ्याकडूनच लागला. तुमच्या घरी असा प्रकार झाला असेल, तुम्ही हिंदू असा, सिंधी असा, कुणी असा, तर प्रतिक्रियेत फक्त 'आमच्याकडेही' एवढं लिहा. पाकिस्तानातल्या नातेवाइकांची नावं जाहीर लिहू नका, ती मला नकोत.

मुलीचा व्हिसा आला. खालांचा चाळिसावा होऊन अकरा दिवस झाले होते. मुलाचा अजून यायचा आहे.